मामा तलावातलं डिझेल आणि मासे: परिणाम मोजायचा तर नेमकं काय मोजायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या तुमच्या गावच्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावावर उन्हाळी धानासाठी तीन डिझेल इंजिनं बसतात. मार्च ते मे पाण्यावर रंगीत तवंग दिसतो. मत्स्य संस्थेचे सभासद सांगतात की इंजिनांच्या बाजूला पकडलेल्या माशाला रॉकेलसारखा वास येतो आणि मासा वाढतही नाही. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तुम्ही रोहूची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, प्लास्टिकच्या टबात ठेवून लिटरमागे १, २, ५ आणि १० मिली डिझेल टाकणार, मेलेले मासे मोजणार आणि त्यावरून तलावातला परिणाम सांगणार आहात.

या प्रयोगातून आकडा मिळेल, पण तो तुमच्या तलावाबद्दल काहीच सांगणार नाही. डिझेल माशाला किती विषारी आहे, हा एक प्रश्न. या तलावातल्या माशाच्या शरीरात डिझेल जातं का आणि जाऊन काय बिघडवतं, हा दुसरा. संस्थेला दुसऱ्याचं उत्तर हवं आहे. त्यासाठी दोन गोष्टी एकाच माशात, एकाच वेळी मोजाव्या लागतात: डिझेल आत गेल्याची खूण आणि झालेला बिघाड. नुसती खूण सापडली तर नुकसान सिद्ध होत नाही. नुसता बिघाड सापडला तर त्याला कारणं दहा असू शकतात.

आधी प्रमाणाचा अंदाज घ्या. इंद्रधनुषी रंग दिसणारा तवंग साधारण ०.३ ते ५ मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे हेक्टरी ३ ते ५० लिटर तेल. इंजिनांसमोरचा अर्धा एकराचा पट्टा, म्हणजे सुमारे ०.२ हेक्टर, रंगलेला असेल तर त्यावर ६०० मिलीपासून १० लिटरपर्यंत डिझेल आहे. १० लिटरच धरा. तिथे पाणी दीड मीटर खोल असेल तर त्या पट्ट्यात ३० लाख लिटर पाणी आहे. सगळं डिझेल त्यात मिसळलं असं मानलं, जे कधीच होत नाही, तरी लिटरमागे २.८ मिलिग्रॅम पडतं. तुमचा सर्वांत कमी डोस, लिटरला १ मिली, म्हणजे ८४० मिलिग्रॅम. तलावातल्या वाईटात वाईट स्थितीच्या ३०० पट. शिवाय त्यातलं बहुतेक डिझेल विरघळत नाही, वर तरंगतं. टबातलं बोटुकलं त्या थरात तोंड घालतं, कल्ले तेलाने माखतात आणि ते मरतं. त्याला विषबाधेचं मोजमाप म्हणता येत नाही.

विषारीपणा मोजायचाच असेल तर डिझेल पाण्यात ओतू नका, डिझेलचा पाण्यात उतरलेला अंश वापरा. तळाशी तोटी असलेली १० लिटर पाणी मावून वर साधारण पाव भाग हवा राहील अशी काचेची बाटली घ्या. क्लोरीन नसलेलं १० लिटर पाणी भरा आणि वरून अलगद १० ग्रॅम, म्हणजे सुमारे १२ मिली, डिझेल सोडा. बूच घट्ट लावून, अंधारात, चुंबकी ढवळणीवर २० ते २४ तास इतकं हळू ढवळा की पृष्ठभागावर भोवरा पडणार नाही. भोवरा पडला की तेलाचे सूक्ष्म थेंब पाण्यात जातात आणि दर वेळी आकडा वेगळा येतो. ढवळणं थांबवून किमान एक तास स्थिर ठेवा, तोटीतून पहिलं १०० मिली टाकून द्या आणि मग खालचं पाणी काढा. ते त्याच दिवशी वापरा. त्याचे १००, ५०, २५, १२.५ आणि ६.२५ टक्के असे सौम्य द्रव करा आणि सोबत साध्या पाण्याचा कंट्रोल ठेवा.

इथे बहुतेक प्रकल्प पाण्याच्या हिशेबात अडकतात. आंतरराष्ट्रीय ओईसीडी २०३ पद्धतीत ९६ तासांच्या चाचणीसाठी प्रत्येक तीव्रतेला किमान ७ मासे लागतात, आणि स्थिर पाण्यात लिटरमागे साधारण १ ग्रॅमपेक्षा जास्त मासा ठेवत नाहीत. दोन ग्रॅमची बोटुकली घेतली तर एका टाकीला १४ लिटर पाणी हवं. पाच तीव्रता मिळून मूळ अर्क, म्हणजे बाटलीतून काढलेलं ते पाणी, लागतो सुमारे २७ लिटर, तोही रोज, कारण हलके घटक उडून जात असल्यामुळे पाणी दर २४ तासांनी बदलायचं असतं. म्हणून अर्ध्या ग्रॅमची पिल्लं घ्या. टाकीला ४ लिटर पाणी आणि रोज ८ लिटर अर्क, इतक्यात काम होतं. प्रत्येक तीव्रतेच्या दोन टाक्या ठेवल्या तर बाटल्याही दोन हव्यात.

टाक्या काचेच्याच हव्यात. प्लास्टिक हायड्रोकार्बन शोषून घेतं आणि पाण्यातलं प्रमाण घटतं. हवेचा दगड लावू नका. त्याच्या बुडबुड्यांबरोबर बेंझिन, टोल्युईन आणि नॅप्थलीन निघून जातात. पण हवा नाही म्हणून ऑक्सिजन पडू देऊनही चालत नाही. तो संपृक्ततेच्या ६० टक्क्यांवर हवा. २८ अंशांच्या पाण्यात याचा अर्थ साधारण ४.७ मिलिग्रॅम प्रति लिटर. खाणं चाचणीच्या २४ तास आधीपासून बंद. कंट्रोलमध्ये सातपैकी दोन मासे मेले की चाचणी रद्द, मग बाकीचे निकाल कितीही नीट दिसोत. पाण्यातलं हायड्रोकार्बन सुरुवातीला आणि २४ तासांनी, पाणी बदलण्याआधी, मोजा. टक्क्यांत मांडलेला निकाल दुसऱ्या कुणाला वापरता येत नाही. आणि मासा जिवंत कशेरुकी प्राणी आहे, तेव्हा तुमच्या महाविद्यालयाच्या प्राणी नीती समितीची परवानगी हे सगळं सुरू करण्याआधी घ्या.

आता तलावाकडे. तवंग तेलाचाच आहे का, हे पहिल्याच दिवशी काठीने तपासा. तवंगात काठी फिरवा. पापुद्र्यासारखे कोनदार तुकडे होऊन ते वेगळेच राहिले तर तो लोह जिवाणूंचा थर आहे. लोहयुक्त मातीच्या भागात, पाझराच्या जागी तो हमखास दिसतो. काठीमागे रंग लगेच पुन्हा जुळून आले तर तेल आहे. सडलेल्या माशांच्या चरबीचाही तवंग येतो, त्यामुळे मासे मेल्यानंतर दिसलेल्या तवंगावरून निष्कर्ष काढू नका.

दुसरी शंका ऑक्सिजनची. मे महिन्यात तलाव आटतो, पाणी तापतं, वनस्पती आणि गाळ रात्रभर ऑक्सिजन खातात आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. गावात याला सर्रास 'डिझेलने मासे मेले' म्हटलं जातं. सूर्योदयाच्या आधी आणि दुपारी तीनच्या सुमारास, वरच्या थरात आणि तळाजवळ, असे चार आकडे सलग काही दिवस घ्या. मत्स्यपालनासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅमचा आहे. मीटरचा प्रोब तवंगातून खाली घातला तर त्याच्या पडद्यावर तेल चढतं आणि आकडा चुकतो. आधी ओंजळभर जागा काठीने मोकळी करा, किंवा विंकलर पद्धतीने, म्हणजे रसायनं घालून ऑक्सिजन मोजायला, बाटलीत नमुना घ्या. डिझेल स्वतःही ऑक्सिजन खातं: एक लिटर डिझेल जिवाणूंनी पूर्ण विघटित करायला जवळपास २.९ किलो ऑक्सिजन लागतो. हे एका रात्रीत होत नाही, पण आटलेल्या तलावात ही भर दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

कोणते मासे मेले हेही बघा. मरळ, मागूर, सिंगी हे वर येऊन हवेतला श्वास घेतात. रोहू-कटला मेले आणि हे तगले तर संशय ऑक्सिजनवर जातो. हेही मेले तर विषाचा संशय बळावतो, कारण हवा घ्यायला त्यांना दर वेळी तवंग फोडूनच वर यावं लागतं. हा पुरावा नाही, पण तपास कुठून सुरू करायचा ते यातून कळतं.

धानावरच्या फवारणीचा प्रश्नही सोडवावा लागेल. इंजिनांच्या बाजूलाच शेतं आहेत, म्हणजे कीटकनाशकही तिथेच उतरतं. माशाच्या मेंदूतलं अॅसिटिलकोलिनएस्टरेज हे मज्जासंदेशांसाठी लागणारं एन्झाइम मोजा. ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट हे कीटकनाशकांचे गट त्याला दाबतात. ते नॉर्मल असेल तर निदान या दोन गटांवरचा संशय कमी होतो. तुलनेसाठी जवळचा असा दुसरा तलाव निवडा जिथे धान आहे, फवारणी आहे, त्याच बीजाचे मासे आहेत, पण पाणी गेटाने सुटतं आणि इंजिन नाही. जंगलातला स्वच्छ तलाव तुलनेला घेऊ नका, त्यात फरकच फरक निघतील आणि कशामुळे ते कळणार नाही. तुमच्याच तलावात तीन जागा ठेवा: इंजिनांपाशी, वारा तवंग लोटतो तो काठ, आणि सर्वांत लांबचा कोपरा.

पाण्याचा नमुना गडद काचेच्या एक लिटरच्या बाटलीत घ्या. बाटली हेक्झेनने धुतलेली, बुचाला आतून टेफ्लॉन. बाटली बंद ठेवूनच २० ते ३० सेंटिमीटर खाली न्या, तिथे उघडा, भरा आणि तिथेच बंद करा. तवंग आत आला की तुम्ही मासा जगतो ते पाणी मोजत नाही. इतर चाचण्यांसाठी आपण बाटली त्याच पाण्याने विसळतो, इथे विसळू नका. तेल काचेला चिकटतं आणि आकडा वाढतो. त्याच कारणाने प्रयोगशाळेने पूर्ण बाटली वापरली पाहिजे, त्यातून थोडं ओतून नाही, आणि रिकामी बाटली द्रावकाने धुऊन तेही मिसळलं पाहिजे. 'ऑइल अँड ग्रीस'साठी आम्लाने सामू २ च्या खाली आणून बर्फात ठेवा. बेंझिन-टोल्युईनसाठी ४० मिलीच्या वेगळ्या कुप्या लागतात, उलटी केल्यावर एकही बुडबुडा दिसता कामा नये.

'ऑइल अँड ग्रीस'च्या अहवालाबद्दल सावध राहा, कारण गावाकडची अनेक प्रकरणं इथेच बंद होतात. या चाचणीत तेल द्रावकात काढून, द्रावक उडवून, उरलेलं वजन करतात. द्रावक उडताना पेट्रोल जवळपास पूर्ण आणि डिझेलचा हलका भाग उडून जातो. शिवाय लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या खाली ही पद्धत भरवशाची नाही. वर काढलेला तुमच्या पट्ट्याचा कमाल अंदाजच २.८ होता. म्हणजे 'आढळले नाही' असा अहवाल आला तरी तलावात डिझेल असू शकतं. प्रयोगशाळेकडे गॅस क्रोमॅटोग्राफीने डिझेल पल्ल्याचं हायड्रोकार्बन, कार्बन १० ते २८, असं स्पष्ट लिहून मागा. मी स्वतः एकाच चाचणीचे पैसे असतील तर ते पाण्यापेक्षा इंजिनाखालच्या गाळावर घालतो. पाणी त्या दिवसाचं सांगतं, गाळाचा वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर पूर्ण हंगामाचं सांगतो. गाळ काचेच्या बरणीत न्यायचा, पॉलिथिनच्या पिशवीत नाही.

आता मासा. पहिली चूक म्हणजे मांस तपासायला पाठवणं. मासा डिझेलमधली बहुवलयी संयुगं (अनेक जोडलेल्या वलयांची हायड्रोकार्बन) यकृतात झपाट्याने मोडतो आणि पित्तात टाकतो. मांसाचा अहवाल स्वच्छ येतो आणि लोक निश्चिंत होतात. म्हणून पित्त बघा. मासा जिवंत पकडलेला हवा. पोट उघडून यकृताला लागून असलेली हिरवट पित्ताची पिशवी शोधा, इन्सुलिनच्या सिरिंजने पित्त ओढा, गडद कुपीत घाला आणि लगेच बर्फावर. पिशवी फुटली तर तो नमुना सोडून द्या. पुढे ते ५० टक्के इथेनॉलमध्ये हजार ते दोन हजार पट पातळ करून स्पेक्ट्रोफ्लुओरोमीटरवर दोन जोड्या वाचा: २९० नॅनोमीटरला उद्दीपन आणि ३३५ ला वाचन, ही नॅप्थलीन गटाची, ३८० आणि ४३०, ही जड संयुगांची. ताज्या डिझेलमुळे पहिली चढते. दुसरी जास्त चढलेली दिसली तर इंजिनाचं जळकं ऑइल किंवा तणस (धानाचा पेंढा) जाळल्याची काजळी यांचा विचार करा. जुनं ऑइल काठावर ओतण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे, ती विचारूनच घ्या.

पित्ताची मोठी अडचण भुकेची. मासा खातो तेव्हा पिशवी रिकामी होते, उपाशी असतो तेव्हा पित्त साठून घट्ट होतं. उपाशी मासा जास्त प्रदूषित दिसतो, खरं तर पित्तच दाट झालेलं असतं. सगळे मासे दिवसाच्या एकाच वेळी पकडा, आतडं भरलेलं की रिकामं ते नोंदवा, आणि वाचनाला पित्तरंगाच्या ३८० नॅनोमीटरच्या शोषणाने किंवा प्रथिनांनी भागा. जातीही मिसळू नका. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगल तळाशी. गाळातलं तेल मृगलमध्ये आधी दिसेल, म्हणून तुमच्या कामाला मी मृगल घेईन.

बिघाड मोजायला त्याच माशाचे कल्ले आणि रक्त घ्या. कल्ल्याची दुसरी कमान १० टक्के बफर केलेल्या फॉर्मेलिनमध्ये, ऊतीच्या किमान दहापट द्रवात, एक-दोन दिवस. सूक्ष्मदर्शकाखाली पटलांवरचा थर सुटलेला, पेशी वाढून पटलं एकमेकांना चिकटलेली दिसतात का ते बघायचं. तरंगणारा मेलेला मासा यासाठी निरुपयोगी आहे. मेल्यानंतर काही मिनिटांतच कल्ले सडू लागतात आणि ते सडणं अगदी विषबाधेसारखं दिसतं. रक्त शेपटीच्या शिरेतून घेऊन काचपट्टीवर पसरा, मिथेनॉलने पक्कं करा, आणि प्रत्येक माशाच्या किमान हजार तांबड्या पेशींत सूक्ष्मकेंद्रकं, म्हणजे जनुकीय इजेमुळे मुख्य केंद्रकाबाहेर राहिलेले बारीक तुकडे, मोजा. माशाच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं, म्हणून हे जमतं. गिम्सा या नेहमीच्या रंगाचे कण सूक्ष्मकेंद्रकासारखे दिसू शकतात. सोय असेल तर अॅक्रिडिन ऑरेंज हा चमकणारा रंग वापरा. मोजणाऱ्याला पट्टी कोणत्या तलावाची हे माहीत नसावं. बहुवलयी संयुगं शरीरात गेली की वाढणारं यकृतातलं ईरॉड एन्झाइम उत्तम खूण आहे, पण यकृत तिथल्या तिथे द्रव नायट्रोजनमध्ये गोठवता आलं तरच. बर्फाच्या डब्यातून नागपूरपर्यंत नेलेल्या यकृताचा आकडा मी धरत नाही.

तलावातला मासा फिरतो, तो इंजिनापाशी किती राहिला हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून पिंजरे लावा. एकाच बीजातली १० ते १२ सेंटिमीटरची मृगल, प्रत्येक पिंजऱ्यात दहा, इंजिनापाशी तीन पिंजरे आणि तुलनेच्या तलावात तीन, १४ दिवस. जाळीवर शेवाळ चढलं की आत पाणी फिरत नाही आणि मासे ऑक्सिजनअभावी त्रासतात, तेव्हा दर तीन दिवसांनी ब्रश मारा, दोन्हीकडे सारखाच. हिशेब करताना तुमच्याकडे ३० नाही, ३ नमुने आहेत, कारण एका पिंजऱ्यातले दहा मासे एकाच पाण्यात एकत्र राहिलेत. परीक्षक हाच प्रश्न विचारतात आणि तिथे प्रबंध अडतो.

वाढीचा मुद्दा १४ दिवसांत सुटणार नाही. त्यासाठी दोन महिने, सारखी साठवण घनता आणि दर पंधरवड्याला वजन-लांबी. त्यावरून मासा किती भरलेला आहे याचा आकडा काढा: वजन ग्रॅममध्ये गुणिले १००, भागिले लांबी सेंटिमीटरचा घन. २७ सेंटिमीटरचा २५० ग्रॅमचा रोहू १.२७ देतो. बीज जास्त टाकलं तरी हा आकडा घसरतो, तेव्हा संस्थेची बीज सोडल्याची नोंद आधी बघा.

रॉकेलचा वास मात्र सभासदांची समजूत म्हणून बाजूला टाकू नका. मासा मरण्याच्या कितीतरी खालच्या पातळीला त्याला वास लागतो. तेल-मसाला न घालता, फॉइलमध्ये वाफवलेले तीन तुकडे समोर ठेवा, दोन एका तलावाचे, एक दुसऱ्याचा, आणि वेगळा कोणता ते फक्त हुंगून सांगायला सांगा. बारा जणांपैकी आठ बरोबर आले तर ते नशिबाने झालं असं म्हणता येत नाही. याला खर्च जवळपास नाही आणि बाजारभाव पडण्याचं कारण यातूनच थेट समोर येतं.

वेळेबद्दल एक गोष्ट. रोहू, कटला, मृगल तलावात सहसा अंडी घालत नाहीत, बीज बाहेरून येतं. पण मरळ आणि लहान देशी मासे पावसाच्या सुरुवातीला तिथेच वीण करतात, आणि इंजिनाखालची उन्हाळाभर तेल प्यायलेली माती त्याच पहिल्या पावसात धुऊन तलावात येते. अलास्कात १९८९ साली एक्सॉन वाल्डीझ या जहाजातून झालेल्या तेलगळतीनंतरच्या कामातून हे ठळक झालं की माशाचा भ्रूण मोठ्या माशापेक्षा फार कमी तेलाने बिघडतो: हृदयाभोवती पाणी साठतं, ठोके मंदावतात, पाठ वाकते. शक्य असेल तर पहिल्या पावसानंतरचं पाणी आणून झेब्रा माशाच्या अंड्यांवर ९६ तासांची चाचणी करा, २६ अंशांवर, तीव्रतेमागे २० अंडी, काचेच्या वाट्यांत. ट्यूबलाइटखालचा निकाल तलावापेक्षा सौम्य येतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी काही बहुवलयी संयुगं पारदर्शक पिल्लांत अनेक पटींनी विषारी होतात, आणि विदर्भातलं जूनचं ऊन खोलीत नसतं.

पैसे कमी असतील तर क्रम असा ठेवा: काठी, पहाटेचा ऑक्सिजन, वासाची चाचणी, मग पिंजऱ्यातल्या माशांचं पित्त आणि कल्ले. नागपूरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात किंवा नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेत उपकरणासाठी विनंती करायची असेल तर नमुने घेण्याआधी करा. साठवण कशी हवी ते प्रत्येक ठिकाणचं वेगळं असतं.

इंजिनांखाली पत्र्याचे ट्रे ठेवायला आणि डिझेल फनेलने भरायला तुमच्या निकालाची वाट बघण्याची गरज नाही, संस्थेला ते आजच सांगा. फक्त ट्रे बसण्याआधी पिंजऱ्यांची एक फेरी आणि त्यांचं पित्त हातात असू द्या. पित्तातली खूण काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत ओसरते. मातीत आणि गाळात मुरलेलं डिझेल मात्र ट्रे बसल्यावरही काही काळ झिरपत राहील, म्हणून पुढची फेरी महिन्याभराने, नवे मासे घेऊन, त्याच जागी, तितकेच पिंजरे आणि तितकेच दिवस. तुलनेच्या तलावातला आकडा जागच्या जागी राहिला आणि तुमच्याकडचा उतरला, तर कारण इंजिनंच होती हे सांगायला याहून भक्कम पुरावा गावपातळीवर मिळत नाही. इंजिनं पाळीच्या कोणत्या बाजूला आहेत, मे महिन्यात पाणी तिथून किती मागे सरतं आणि दुपारचा वारा कुठून येतो एवढं कळवलंत, तर पिंजऱ्यांच्या जागा ठरवून देतो.